आप्पा, तुमच्या दुखण्याचं कारण

आप्पा,

तुम्ही दारूच्या थेंबालाही कधी शिवला नाहीत, हे मला एका परक्या माणसाने सांगितलं. तुमच्या ताटातलं खाऊन, तुमच्या सायकलच्या दांडीवर बसून शाळेत जाऊन मला ते कळलं नव्हतं. ही गोष्ट मी आजवर कोणाशी बोलले नाही, आणि तुमच्याशी बोलायची म्हटलं तर तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमचा आवाज आठवायला मला डोळे मिटावे लागतात. पण मधे असं बरंच काही घडलं जे तुम्हाला सांगायला हवं होतं. विशेषतः तुमच्या त्या एका प्रश्नाबद्दल, जो तुम्ही दहा-अकरा वर्षं सगळ्यांना विचारलात. म्हणून आज सुट्टी बघून गच्चीत खुर्ची टाकून बसले आहे. डिसेंबर आहे, तुमचा आवडता महिना. ऊन अंगावर आहे आणि बोचत नाही.

आपलं दुकान दिंडोरी रोडला होतं. पुढे मोटर रिवाइंडिंग, मागे आपल्या दोन खोल्या. शेतकरी जळालेल्या मोटरी टेम्पोत घालून आणायचे. द्राक्षबागांना पाणी लागायच्या दिवसांत तर दारात मोटरींची रांग लागायची, कारण लाइट कमी दाबाची, पंप रेटून चालवलेला, आणि आतली तांब्याची तार काळी पडून गेलेली. तुम्ही ती छिन्नीने तोडून काढायचा, जुन्या कॉइलीचे वेढे मोजून घ्यायचा आणि नवी तार तेवढ्याच वेढ्यांनी बांधायचा. तारेवर इनॅमलचा पातळ थर असतो, पातीने खरवडला तर निघतो. तो थर शाबूत असेपर्यंत एकमेकींना खेटून बसलेल्या तारा आपापलं काम करतात, आणि तो गेला की आतल्या आत शॉर्ट होतं. हे मला बाराखडीच्या आधीपासून ठाऊक होतं. आई स्वयंपाक करता करता ओरडायची, "पोरीला जेवायला पाठवा," आणि तुम्ही म्हणायचा, "थांब, आमचे वेढे चालू आहेत, मधे बोललं की चुकतं."

मी सहावीत असताना एक दिवस तुम्ही मला हाक मारून दोन वायरी दाखवल्यात आणि विचारलंत, "ताई, यातली लाल कोणती?" मला वाटलं तुम्ही माझी परीक्षा घेताय. मी दाखवली. तुम्ही डावा डोळा झाकून उजव्याने पाहिलंत आणि म्हणालात, "मला ही धुवून धुवून विटलेल्या साडीसारखी दिसते." डोळा हलवला की मागे दुखायचंही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी नसेला सूज आहे म्हणून गोळ्या दिल्या, महिना-दीड महिन्यात नजर परत आली, आणि आपण सगळे ते विसरून गेलो. बरं झालेलं दुखणं कोण लक्षात ठेवतं?

मग दोन उन्हाळ्यांनंतर तुमची चाल बिघडली. सकाळी तुम्ही ठीक असायचा. दुपारी बाजारातून तार घेऊन यायचा तेव्हा पाय फाकवून, एका बाजूला झुकत, भिंतीचा आधार घेत यायचा. एकदा भर बाजारात सायकलसकट पडलात. जीभही जड व्हायची. संध्याकाळी वारा सुटला की पुन्हा बरे. आता मला माहीत आहे की अंग तापलं की दुखावलेल्या नसांमधून संदेश नीट जात नाही आणि अंग निवलं की पुन्हा जायला लागतो. तेव्हा कोणाला माहीत होतं? लोकांना दुपारी झुलत येणारा आणि संध्याकाळी ताळ्यावर असणारा माणूस दिसत होता, आणि अशा माणसाबद्दल लोक एकच अर्थ काढतात. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातल्या काकूंनी आईला फार मायेने सांगितलं, "वहिनी, आत्ताच आवरा, नंतर हाताबाहेर जातं." त्या दिवशी वरण खारट झालं होतं आणि तुम्ही ते मुकाट्याने खाल्लंत.

मीही त्या लोकांतलीच एक होते आप्पा. एका दुपारी तुम्ही दुकानाच्या मागच्या खोलीत चटईवर झोपला होता, तोंड अर्धवट उघडं. मी अलगद गुडघ्यांवर बसले आणि तुमच्या तोंडाजवळ नाक नेऊन वास घेतला. कॉइलींवर ओततात त्या वार्निशचा वास आला, थोडा कात-सुपारीचा. दुसरा कसलाही नाही. माझ्यासारख्या मुलीने एवढ्यावर सुटकेचा निःश्वास सोडायला हवा होता. मी मात्र ठरवलं की वार्निशच्या वासाखाली दुसरा वास लपत असणार.

त्याच वर्षी शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मी छोटी मोटर केली होती. खिळा, चुंबक आणि तुम्ही मला मांडीवर पाटी देऊन बांधायला शिकवलेली कॉइल. तिला पहिलं बक्षीस मिळालं. बक्षीस समारंभाला पालकांना बोलावलं होतं आणि मी तुम्हाला सांगितलं की पालकांना बोलावलेलं नाही. तुम्ही म्हणालात, "बरं." तुमच्याकडे गिऱ्हाईक बसलं होतं, त्याच्याकडे माझ्या दप्तरात होतं तसलंच आमंत्रणाचं पिवळं कार्ड होतं, त्याचा मुलगा माझ्याच शाळेत होता. हे मला तुमच्या "बरं" नंतर दिसलं. तुम्ही मला पकडलं नाहीत. दुसऱ्या दिवशी फक्त विचारलंत, "मोटर किती वेळ फिरली?" मी म्हणाले, "सगळा वेळ." तुम्ही मान हलवलीत आणि पुन्हा कामाला लागलात.

मग तो सायखेड्याचा शेतकरी आला. तुमचं जुनं गिऱ्हाईक. उंच, कानावर केस, बोलणं गडगडाटी. चार दिवसांपूर्वी नेलेली मोटर टेम्पोतून उतरवून त्याने दुकानाच्या पायरीवर ठेवली आणि सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं म्हणाला, "मिस्त्री, चार दिस नाय झाले अन् मोटर बसली. पिऊन बांधली का काय?" मी दप्तर घेऊन दारातच उभी होते. शेजारचा टायरवाला हातातलं काम सोडून बघायला लागला. तुम्ही स्टूल ओढलंत, मोटर खोललीत, आणि त्याच्या समोर एकेक कॉइल सोडवून वेढे मोजायला लागलात. चौथ्या कॉइलीत सहा वेढे कमी निघाले. तुम्ही पुन्हा मोजलेत. मग मान वर करून सरळ म्हणालात, "माझी चूक आहे. बोटांना तार कळत नाही हल्ली. मोजताना हातातून निसटत असेल. उद्या नवी बांधून देतो."

तो माणूस तुमच्याकडे बघतच राहिला. तुमच्या हातांकडे, मग तुम्ही उठताना टेबल धरलंत त्याकडे, मग ओढत चाललेल्या डाव्या पायाकडे. त्याचा आवाज एकदम खाली आला. "मिस्त्री, माझा थोरला भाऊ प्यायचा. लय पाह्यलंय मी. पिणारा माणूस जगाची चूक दाखवतो, सोताची कधी नाय. हे दुखणं हाय. डाक्टरला दावलं का?" तुम्ही म्हणालात, "काय दाखवू? सकाळी असतं, संध्याकाळी नसतं." तो म्हणाला, "मंग दुपारी दावा."

इतकी साधी गोष्ट होती. आपल्यापैकी कोणाला सुचली नव्हती. त्यानेच पुढच्या आठवड्यात भर दुपारी तुम्हाला नाशिकमधल्या मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तळपायावरून किल्ली ओढली, अंगठा खाली जायचा तो वर गेला, आणि त्यांनी मुंबईची चिठ्ठी लिहून दिली. मी त्या दिवशी घरी येऊन अभ्यासाची पुस्तकं उघडली आणि त्यात काही दिसेना, डोळ्यांत सारखं पाणी यायला लागलं. आईला वाटलं तुमच्या दुखण्याच्या काळजीने. तिला तसंच वाटू दिलं.

मुंबईच्या त्या खोलीत आपण तिघं होतो. पंखा जोरात होता, डॉक्टर बाई होत्या, आणि त्यांनी तुमच्या मेंदूची फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली होती. राखाडी रंगात मधेच पांढरे ठिपके, पावसात भिंतीला ओल येते तसे. त्यांनी नाव सांगितलं, मल्टिपल स्क्लेरोसिस. मग तुमचा धंदा विचारला आणि तुम्ही सांगितल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर बरं वाटल्याचं दिसलं. म्हणाल्या, "मग तुम्हाला समजावणं सोपं आहे. नसांवर एक वेष्टण असतं, तुमच्या तारेवर असतं तसं. ते जागोजागी गेलंय."

तुम्ही पुढे झुकलात. घाबरलेला माणूस असा झुकत नाही. तुम्ही मोटर खोलल्यावर झुकता तसे झुकलात. "कशाने गेलं?"

"तुमच्याच रक्तातल्या पेशींनी. जंतूंशी लढायला ज्या असतात, त्यांनीच."

"म्हणजे घरचेच."

बाई हसल्या. "घरचेच."

"आणि त्यांना चिथावलं कोणी?"

"ते नक्की कोणालाच ठाऊक नाही. काही जन्मतः असतं, काही आजूबाजूचं असतं. एखादा जुना संसर्ग, हवा, ऊन, धूर, काय काय म्हणतात."

"बाई, मोटर का जळली ते लिहिल्याशिवाय मी मोटर परत देत नाही," तुम्ही म्हणालात. आईने तुमच्या दंडाला चिमटा काढला, तुम्ही जास्त बोललात म्हणून. पण डॉक्टर बाईंना राग आला नव्हता. "लिहा तुम्ही," त्या म्हणाल्या. "तुम्हाला कळलं तर मलाही सांगा."

पाच दिवस सलाइनमधून औषध दिलं आणि आपण परतलो. तुम्ही सगळ्यांत आधी काय केलंत, तर ती मेंदूची फिल्म दुकानातल्या ट्यूबलाइटला चिकटपट्टीने लावलीत. जो येईल त्याला तुम्ही छडी घेऊन दाखवायचा, "हे बघा, इथं इनॅमल गेलंय, म्हणून डावा पाय." टायरवाला येऊन बघून गेला. किराणावाल्या काकूंना तर तुम्ही मुद्दाम बोलावून दाखवलीत, आणि त्यांनी पदराने डोळे पुसले, आणि दुसऱ्या दिवशी डबाभर शिरा घेऊन आल्या. कोणाला आजाराचं नाव घेता यायचं नाही. "मिस्त्रींना मल्टी झालंय," असं म्हणायचे. पण पुन्हा कोणी प्यायलाय म्हणालं नाही. असं दुखणं लागूनही त्या दिवसांत तुम्ही इतके खुशीत कसे होता, हे मला तेव्हा समजायचं नाही. आता समजतं. तुमचं नाव तुम्हाला परत मिळालं होतं.

काम मात्र बदलावं लागलं. वेढे मी मोजू लागले, शाळेच्या आधी तासभर आणि नंतर दोन तास. कॉइलींची टोकं सुती दोऱ्याने आवळून बांधायचं काम आईने घेतलं. आईचा हात शिवणाचा, तिची बांधणी तुमच्यापेक्षा सुबक यायची, आणि शेतकरी म्हणायला लागले की वहिनींनी बांधलेलीच मोटर द्या. तुम्ही खुर्चीत बसून टेस्टिंग करायचा आणि हुकूम सोडायचा. मला सगळं करू द्यायचा, एक सोडून. वार्निश. एकदा तुमचा हात थरथरतो म्हणून मीच डबा उघडून कॉइलींवर वार्निश ओतायला लागले, तर तुम्ही इतक्या जोरात ओरडलात की माझ्या हातून डबा सांडला. "बाहेर हो! पुन्हा इथं पाय ठेवलास तर बघ!" त्याआधी आणि त्यानंतर तुम्ही माझ्यावर कधी आवाज चढवला नाही. मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. मला वाटलं, मुलगी म्हणून शेवटी काही कामं बाजूला ठेवलीतच. पुढच्या आठवड्यात तुम्ही मागच्या अंगणात पत्र्याचं छप्पर टाकून घेतलंत आणि वार्निश तिथे उघड्यावर न्यायला लावलंत, आणि ते काम शेवटपर्यंत तुम्हीच नाकाला रुमाल बांधून केलंत.

उन्हाळ्याचं काय करायचं हा प्रश्न होताच. ओलं गोणपाट दाराला, ओला टॉवेल मानेवर, तरी एप्रिलमध्ये तुमचा पाय दगड व्हायचा. तोडगा पुन्हा सायखेडेकरानेच काढला. त्याच्या मळ्यात विहिरीजवळ सिमेंटचा मोठा हौद होता. एका रविवारी तो आपल्याला घेऊन गेला. दुपारचे दोन वाजलेले, बागेची खरड छाटणी होऊन गेलेली, उघड्या काड्यांवरून झळा येताहेत. त्याने आणि त्याच्या मुलाने तुम्हाला दोन्ही बाजूंनी धरून हौदात उतरवलं. पंप चालू केला. तुम्हीच बांधलेली मोटर, सहा वेढे कमी पडलेली, पुन्हा बांधलेली तीच. पाण्याची जाड धार तुमच्या खांद्यावर पडायला लागली आणि तुम्ही लहान मुलासारखे "आहाहा" करत डोळे मिटलेत. अर्धा तास बसला असाल. आई म्हणत होती, "पुरे आता, सर्दी होईल." मग तुम्ही हौदाच्या काठाला हात लावून उठलात, आणि कोणाचा हात न घेता पायऱ्या चढून बाहेर आलात, आणि बांधावरून आंब्याच्या झाडापर्यंत सरळ चालत गेलात. सरळ. पाणी निथळतंय, बनियन अंगाला चिकटलंय, आणि तुम्ही चालताय. शेतकरी ओरडला, "अरे मिस्त्री तर पळायला लागला!" आई हसत हसत खालीच बसली. मला माहीत आहे, ते तासाभरापुरतं होतं, परत येताना टेम्पोत तुमचा पाय पुन्हा जड झाला. पण त्यानंतर दर उन्हाळ्यात दर रविवारी आपण तिथे गेलो, आणि मला कोणी सुख म्हणजे काय विचारलं तर मला आजही तो बांध दिसतो.

तुमची वहीही तेव्हाच सुरू झाली होती. मोटरींच्या माहितीची तुमची वही होती तशीच, पण वेगळी, निळ्या पुठ्ठ्याची. तिच्यात तुम्ही तुमची कारणं शोधायचा. "आज ऊन फार. डावा पाय जड." "सर्दी-ताप दोन दिवस, त्यानंतर नजर अंधुक." "वार्निश तीन मोटरी. डोकं जड, पण ते पूर्वीही व्हायचं." घोटीकडे तुमच्या गावी सतराव्या वर्षी तुम्हाला मोठा ताप आला होता, गळ्याला गाठी, महिनाभर अंथरूण, भातलावणी सगळी भावांनी केली, तेही लिहिलं होतं आणि पुढे प्रश्नचिन्ह. विड्या ओढायचा ती सात वर्षं, पुढे प्रश्नचिन्ह. आजीने नवस फेडला नव्हता, तेही लिहिलं होतं, पण ते खोडलं होतं.

मी बारावीनंतर सूक्ष्मजीवशास्त्राला गेले. तुम्ही त्या दिवशी ड्रॉवरमधून तुमचं पितळी कडीचं भिंग काढून माझ्या हातात ठेवलंत, ज्याने तुम्ही तारेवरचा तडा शोधायचा. "कॉलेजात मोठी यंत्रं असतील," तुम्ही म्हणालात, "पण आधी साध्या भिंगातून बघायची सवय ठेव." आणि मग दर शनिवारी तुम्ही मला स्वयंपाकघरात बसवून आठवड्याचा धडा वसूल करायचा. आई भाकऱ्या थापतेय, तुम्ही पाटावर भिंतीला टेकून, मी ओट्याला. मी सांगतेय की शरीरात या पेशींची शाळा असते, छातीच्या हाडामागे, तिथे आपलं कोण आणि परकं कोण हे शिकवतात, जी पेशी आपल्यावरच धावून जाते तिला तिथेच संपवतात. पण काही नजर चुकवून निघतात. एरवी त्यांच्यावर लक्ष ठेवणाऱ्या दुसऱ्या पेशी असतात, आणि मेंदूच्या वेशीवर पहारा असतो, त्यामुळे काही बिघडत नाही. मग काहीतरी होतं, पहारा ढिला पडतो, त्या आत शिरतात आणि वेष्टणालाच शत्रू समजतात.

"काहीतरी म्हणजे काय?" तुम्ही.

"एकच नाही आप्पा. जन्माचं थोडं, बाहेरचं थोडं. चार-पाच गोष्टी एका वेळी जुळून याव्या लागतात."

आई तव्यावरून नजर न काढता म्हणाली, "म्हणजे कोणाचाच दोष नाही."

तुम्ही भाकरी ताटात ओढून घेतलीत. मग म्हणालात, "मोटर जळली की शेतकरी म्हणतो लाइट खराब, लाइटवाला म्हणतो मोटर खराब, आणि दोघं मिळून म्हणतात मिस्त्री खराब. मला तीस वर्षं माहीत आहे की थोडी लाइट, थोडी मोटर, थोडा उन्हाळा. तरी माणसाला एक नाव लागतं." आणि भाकरीचा तुकडा मोडत हळूच विचारलंत, "हे पोरांत उतरतं का?" मी म्हणाले, "फार क्वचित." तुम्ही म्हणालात, "क्वचित म्हणजे किती ते मला सांगू नकोस."

तुम्ही गेलात तो पावसाळा होता. शेवटची दीड-दोन वर्षं अंथरुणावर, पण डोकं लख्ख. छातीत कफ झाला, आठवडाभर दवाखाना, आणि एका सकाळी आईने चहा विचारला तेव्हा तुम्ही "अर्धा" म्हणालात, आणि तो यायच्या आत गेलात. सायखेडेकर खांदा द्यायला आला होता. मला जवळ घेऊन म्हणाला, "पोरी, सरळ माणूस होता." त्याला चालण्याबद्दल म्हणायचं होतं की स्वभावाबद्दल, कळलं नाही. बहुतेक दोन्ही.

दुकान आता त्याच्याच मुलाचा मुलगा चालवतो, आईने त्याला शिकवलं. आई ठणठणीत आहे. मी शहरातल्याच एका प्रयोगशाळेत आहे, रक्तातल्या याच पेशींची तपासणी करते. आणि आता तुमच्या प्रश्नाबद्दल. तुम्ही गेल्यानंतर बरंच कळलंय. तो गळ्याला गाठी आणणारा ताप, तुमचं सतराव्या वर्षीचं प्रश्नचिन्ह, तो सर्वांत मोठा संशयित ठरलाय. ज्या विषाणूमुळे तसा ताप येतो तो बहुतेक सगळ्यांच्या अंगात असतो आणि बहुतेकांना काही करत नाही, पण त्याच्यावाचून हा आजार जवळपास होतच नाही असं दिसतं. विडीचाही हात आहे. उन्हाचा आहे, म्हणजे कमी उन्हाचा. पण तुम्ही भाताच्या खाचरात वाढलात, तेव्हा ते तुम्हाला कसं लावायचं मला कळत नाही. आणि वार्निशमधल्या द्रावकांचाही थोडा संबंध असावा, असं म्हणतात. थोडा. हे मी वाचलं त्या दिवशी खुर्चीतून उठून खिडकीपाशी गेले. तुमची वही मी तोवर कधी पूर्ण वाचली नव्हती. घरी जाऊन काढली. मी वार्निश सांडलं त्या तारखेला तुम्ही एकच ओळ लिहिली होती: "कारण ठाऊक नाही, पण ताईला वास नको." तुम्हाला कोणी काही सांगितलं नव्हतं. तुम्ही ठाऊक नसतानाही जे करायचं ते केलंत.

एवढं सगळं सांगायचं होतं, आणि ते लिहून झालं. पण खरं म्हणजे मी बसले ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. दोन महिन्यांपूर्वी माझ्या डाव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. चार दिवस गेल्या नाहीत. मी कोणाला न सांगता मेंदूची आणि मानेची फिल्म काढून आले. रिपोर्टमध्ये एकही पांढरा ठिपका नव्हता, फक्त मानेतली एक नस दबली होती, व्यायामाने बरी झाली. त्या यंत्राच्या खोलीबाहेरच्या बाकावर मी कागद उघडून वाचला आणि खूप आनंद झाला, झाला नाही असं म्हणणार नाही. पण त्याच्या आधी, अगदी एका श्वासापुरतं, मी हिरमुसले होते. तुम्ही दारापर्यंत येऊन आत न येताच निघून गेलात, असं वाटलं.

हे आईला सांगितलं तर ती माझ्या थोबाडीत मारेल, आणि बरोबरच करेल. म्हणून तुम्हाला लिहिलं. कागद घडी करून ठेवते, आई जेवायला हाका मारतेय.